चेंडू झाकणारा पुठ्ठा

त्या शुक्रवारी मी चर्चमधून नुकताच घरी आलो होतो. मस्कतला आमचा रविवार शुक्रवारीच असतो. सकाळी मिस्सा, मग अख्खा दिवस मोकळा. बूट काढत होतो तेवढ्यात फोन वाजला. वसईहून रोझी वहिनी, माझ्या इथल्या जुन्या सोबत्याच्या, पास्कलच्या मिसेस. "विन्सेंट भावोजी, हे गेले..." एवढंच म्हणाल्या, आणि मग बराच वेळ मागच्या बायकांचेच आवाज येत राहिले. पास्कल सकाळी वाडीत केळींना पाणी लावायला गेला होता, दम लागला म्हणून बांधावर बसला, आणि बसला तो बसलाच. जरा सावरल्यावर वहिनी म्हणाल्या, "काही झालं तर विन्सेंटला पहिलं कळवा, असं सांगून ठेवलं होतं त्यांनी." मी एका पायात बूट तसाच ठेवून उभा होतो. खरं सांगायचं तर मला तेव्हा रडू आलं नाही, लाज वाटली. मातीला जाणंही मला जमलं नाही. जमवलं असतं तर जमलं असतं, हेही इथं लिहून टाकतो.

गेल्या काही आठवड्यांत त्याच्याबद्दल गावात काय काय बोललं गेलं ते माझ्या कानावर आलं. चर्चच्या बँडमधला त्याचा ड्रम, ओमानातली सर्व्हेअरची नोकरी, कोणाच्याही बांधाचा तंटा मोजायची टेप घेऊन मिटवायला जायची त्याची सवय. सगळं खरं आहे. पण ज्या एका गोष्टीत पास्कल खरोखर मोठा होता ती कोणी काढली नाही, कारण ती कोणाला माहीत नाही. आणि माहीत नाही याला कारण मी. आमचा पास्कल अमेरिकन फुटबॉलमधले गार्ड पारखायचा. तुम्हाला हसू येईल. मलाही आलं होतं.

हा आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू, हेल्मेट घातलेले धिप्पाड गडी. मधला गडी चेंडू दोन पायांमधून मागे देतो, आणि त्याच्या डाव्या-उजव्या हाताला जे दोघे वाकून उभे असतात ते गार्ड. समोरून येणाऱ्याला अंगावर घ्यायचं आणि मागच्याला वाट करून द्यायची, हे त्यांचं काम. सगळा सामना सरतो तरी चेंडूला त्यांचा हात लागत नाही, आणि चुकल्याशिवाय त्यांचं नाव कोणी घेत नाही. तिकडे कॉलेजातली पोरं हा खेळ खेळतात आणि दर वसंतात व्यावसायिक संघ त्यांतून आळीपाळीनं एकेकाला उचलतात. कोणाला उचलायचं हे सांगायला संघांनी माणसं ठेवलेली असतात. आमच्या कंपनीचे साहेब, मिस्टर कार्ल, यांचा भाऊ वॉल्ट असाच एक पारखी होता. कार्ल स्वतः तरुणपणी कॉलेजच्या संघात गार्ड होते, म्हणून वॉल्ट त्यांना मतासाठी गार्डांच्या व्हिडिओ टेप पाठवायचा.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी पत्रव्यवहार सांभाळायचो, पास्कल साइटवर सर्व्हेअर. आमची गावं शेजारशेजारची. अल् घुब्रातल्या एका फ्लॅटमध्ये आम्ही दोघं राहायचो, बायकामुलं वसईला. एकदा पास्कल नकाशे घेऊन कार्ल साहेबांच्या केबिनमध्ये गेला, तर ते डबा खात टेप बघत होते. हा पाठीमागे उभा राहिला आणि थोड्या वेळानं म्हणाला, "सर, हा आता डावीकडे पळणार." तो पळाला. साहेबांनी टेप थांबवून विचारलं, कसं कळलं? पास्कल म्हणाला, "जमिनीवर टेकलेला हात बघा ना. पुढे जायचं असतं तेव्हा त्या हातावर भार असतो. आत्ता हात हलका होता." गावच्या कबड्डी संघात पास्कल कोपऱ्याला खेळायचा. चढाई करणाऱ्याच्या पायावरून नजर हलवायची नाही, हे त्याच्या अंगात मुरलं होतं. पुढच्या आठवड्यापासून टेपा आमच्या फ्लॅटवर यायला लागल्या. अमेरिकन टेप साध्या व्हीसीआरवर चालत नाही, म्हणून साहेबांनी आपला व्हीसीआरही दिला.

टेप बाहेरून आली की आधी सरकारी ऑफिसात तपासली जायची. पहिल्या वेळी पास्कल ती सोडवायला गेला तेव्हा तिथल्या ओमानी साहेबानं सगळी बघून टाकली होती. तो हिंदीत म्हणाला, "ये लोग झगडा क्यों करता है? और जीता कौन, तुमको मालूम?" पास्कलनं प्रामाणिकपणे सांगितलं, "मालूम नहीं साहेब, मैं एकही आदमी को देखता है." घरी येऊन ते सांगताना तो पोट धरून हसत होता.

आणि ते अगदी खरं होतं. शुक्रवारी मिस्सा आटोपली, मटणाचा रस्सा झाला, की पडदे ओढून तो टीव्हीसमोर चटईवर बसायचा. माणसाची नजर चेंडूमागे जातेच, म्हणून त्यानं आंब्याच्या खोक्याचा एक पुठ्ठा कापून त्याला हाताएवढी खिडकी पाडली होती. पुठ्ठा टीव्हीच्या काचेला लावायचा. खिडकीत फक्त गार्ड. मी शेजारी लोळत असायचो. चेंडू पुठ्ठ्याआड गेला की मी मान वाकडी करायचो, आणि तो न बघता माझ्या गुडघ्यावर टपली मारायचा. "जाऊ दे रे चेंडूला. आपला माणूस इथं आहे." गडी पाय एकमेकांत अडकवतो का, कंबर खाली राहते का, समोरच्यानं चकवलं तर चिडतो की पुढच्या वेळी शहाणा होतो, शिट्टी झाल्यावर कोणाला हात देऊन उठवतो का... एकेक डाव तो दहादा मागं घ्यायचा. मी म्हणायचो, "पास्क्या, लेका तुला बायकोचा चेहरा तरी एवढा पाठ आहे का?" "तिचा चेहरा नाही बघत मी," तो म्हणायचा, "ती पाऊल कसं टाकते त्यावरून कळतं आज जेवायला मिळणार का ते."

त्याचं इंग्रजी कामापुरतं. म्हणून तो मराठीत सांगायचा आणि मी इंग्रजीत टाइप करायचो. सुरुवातीला ते कागद कार्ल साहेबांच्या नावानं जायचे, पण साहेब सरळ माणूस. त्यांनी भावाला कळवलं की हे माझं नाही, माझ्या सर्व्हेअरचं आहे. वॉल्टचा निरोप आला: पुढच्या वसंतात याला इकडे पाठव, पोरं प्रत्यक्ष पळताना बघू दे, जमलं तर मी त्याला कामाला लावतो. पास्कलनं आयुष्यात तो खेळ मैदानावर एकदाही पाहिला नव्हता. त्यानं रुवीच्या बाजारातून एक जाड लोकरी कोट आणला. मस्कतच्या उन्हाळ्यात तो कोट आमच्या दाराच्या खिळ्याला टांगलेला असायचा, आणि येणारा-जाणारा विचारायचा, हा कोणाचा? पास्कल म्हणायचा, "अमेरिकेला जाणाऱ्याचा. इन्शाल्ला."

मग सदुसष्ट नंबरची टेप आली. हा पोरगा कार्ल साहेबांच्या स्वतःच्या कॉलेजचा. साहेब हरखून गेले होते. टेप देतानाच म्हणाले, याच्यासारखा गार्ड आमच्या कॉलेजात माझ्यानंतर झाला नाही. पास्कलनं दोन शुक्रवार ती टेप बघितली आणि मला सांगितलं ते साहेबांना आवडणारं नव्हतं. त्या आठवड्यात माझ्या बायकोच्या आणि मुलीच्या व्हिसाचं पत्र साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडलं होतं. कित्येक महिने रखडलेलं. आखातात पत्रव्यवहार करणाऱ्याला एक विद्या येते: अर्बाबला, म्हणजे मालकाला, नकार लिहायचा नाही. 'होणार नाही' असेल तिथे 'प्रयत्न चालू आहेत' लिहायचं. वर्षानुवर्षं मी तेच करत होतो, आणि त्या दिवशी पास्कलच्या बोलण्यावर तेच केलं. चांगलं तेवढं ठेवलं, पोराच्या गुडघ्याबद्दल तो जे बोलला होता ते गाळलं आणि शेवटी एक वाक्य माझ्या पदरचं घातलं: पहिल्या दिवसापासून खेळायला तयार. पास्कलनं विचारलं, "सगळं लिहिलंस ना?" मी म्हटलं, "सगळं."

व्हिसाच्या पत्रावर सही झाली. वॉल्टच्या संघानं तो पोरगा उचलला. माझ्या एका कागदावरून कोणी कोणाला उचलत नाही, हे मला कळतं. शंभर जणांनी त्याला बघितलं असेल. पण उन्हाळ्यातल्या पहिल्याच सरावात पोराचा डावा गुडघा गेला, आणि वॉल्टला आठवला तो आमचाच कागद.

कार्ल साहेबांनी दोघांना आत बोलावलं. कागद पास्कलसमोर ठेवला. "हे तू सांगितलंस? गुडघ्याचं तुला काहीच दिसलं नाही?" पास्कलनं कागद उचलला आणि सावकाश वाचला. एवढं इंग्रजी त्याला येत होतं. एका जागी त्याचं बोट थांबलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. तो माझ्याकडे वळेल असं मला वाटलं, पण वळला नाही. म्हणाला, "यस सर. माझंच आहे." साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "मला खूश करण्यासाठी न बोलणारा एक तरी माणूस इथं आहे, असं मी समजत होतो." बोलायला मला एक श्वास पुरला असता. तो मी घेतला नाही.

बाहेर आल्यावर कॅन्टीनकडे चालताना पास्कलनं विचारलं, "तुझ्या फॅमिलीचा व्हिसा झाला ना?" मी मान हलवली. "मग झालं तर," तो म्हणाला. "खलास. चल, चहा घेऊ."

टेपा बंद झाल्या. अमेरिकेचं नाव पुन्हा निघालं नाही. माझी माणसं यायच्या आधी त्यानं स्वतःहून बदली मागून घेतली आणि तो दुक्मच्या बाजूला सर्व्हेच्या कॅम्पवर गेला. तेव्हा तिकडे समुद्र, कोळ्यांची चार घरं आणि वारा, एवढंच होतं. थंडीत पहाटे वाळवंटात मोजणीचं यंत्र लावताना तो तोच लोकरी कोट घालायचा. त्याचे सोबती मला फोनवर सांगायचे, तुमचा माणूस वेडा आहे. सुट्टीत मस्कतला यायचा तेव्हा बर्फात घातलेली सुरमई घेऊन आमच्या घरी यायचा. माझी मुलगी इथल्या शाळेत मोडक्यातोडक्या झालेल्या मराठीत त्याला विचारायची, "अंकल, तुम्ही माझ्याकडे का असं बघता?" तो म्हणायचा, "पाय बघतोय तुझे. धावायला शीक, नाहीतर बाबासारखी खुर्चीत बसशील." तिच्या पहिल्या शर्यतीला तो मैदानाच्या कडेला उकिडवा बसला होता, आणि तिला हाक मारायच्या ऐवजी सारखं "पाऊल, पाऊल" म्हणत होता. त्या घरात माझी बायको आनंदानं वावरायची, मुलगी वाढायची, आणि तो तिथे बसून मासा खायचा. मी त्याच्या पानात आणखी एक तुकडी वाढायचो. किती वेळा ठरवलं, आज सांगायचं. पण जे त्याला माहीतच आहे ते सांगायचं कसं? हे माझं निमित्त होतं. त्याला माहीत असणं आणि मी ते तोंडानं म्हणणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मला कळत होतं.

नोकरी सोडून तो कायमचा निघाला तेव्हा मी त्याला विमानतळावर सोडायला गेलो. ट्रॉलीवर बॅग, बॅगेवर घडी करून तो कोट. आत जाता जाता थांबून म्हणाला, "तो पोरगा काय करत असेल रे आता?" कोणता, हे मला विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, "काय माहीत." "गुडघा नीट झाला असेल तर बरं. चांगला होता." मी म्हणालो, "पास्कल, तो कागद..." त्यानं माझ्या दंडावर हात ठेवला. "जाऊ दे. वहिनींना सांग, सुरमई आता विकत घ्या." आणि तो आत गेला. आमची ती शेवटची भेट.

कार्ल साहेब केव्हाच मायदेशी परतले. वॉल्ट आहे की नाही, ठाऊक नाही. त्यांच्यापर्यंत हे पोचणार नाही, आणि पोचलं तरी मराठी त्यांना कुठं येतं. तरीही त्या दिवशी पास्कलनं जे सांगितलं होतं, ते त्याच्याच शब्दांत, काही न गाळता इथं देतो. मला ते पाठ आहे.

"सदुसष्ट नंबर. पोरगा सोन्यासारखा आहे. हात आत ठेवतो, मान वर ठेवतो. पडलेल्याला उठवतो, समोरचा असला तरी. पण मध्यंतरानंतर डावा गुडघा पुरता वाकवत नाही. कोणाला कळू नये म्हणून खाली वाकताना हात आधी टेकतो. दुखणं लपवतोय तो. त्याला घ्या, पण वर्षभर खेळवू नका. आधी गुडघा दाखवा. घाईनं उतरवलात तर मोडेल, आणि मग चूक त्याची नसेल."

दुक्मला जाताना पुठ्ठा तो माझ्याकडेच ठेवून गेला होता. घुब्रातलं घर सोडून आम्ही अल खौदला आलो, तेव्हा बायको तो टाकून देणार होती. मी काढून घेतला. कोपरे मऊ पडलेत, आणि जिथे तो धरायचा तिथे रश्श्याच्या बोटांचा पिवळा डाग आहे. हल्ली शुक्रवारी जेवणानंतर मी तो टीव्हीच्या काचेला लावून बसतो. लागलेली असते आपली साधी फुटबॉलची मॅच. खिडकीत कोणीतरी एक गडी येतो, उभा राहतो, वाट बघतो. मी त्याच्या पायांकडे बघायचं ठरवतो. पण गर्दी ओरडते, आणि माझी मान अजून चेंडूकडेच वळते. गुडघ्यावर टपली मारणारं आता शेजारी कोणी नाही.