वळसा

आरोग्याच्या एका पाहणीसाठी आम्ही वस्तीतल्या काही माणसांना फोन दिले होते. कोण कुठून कुठे जातं, ते माझ्या संगणकावर ठिपक्यांनी दिसायचं. आजूबाजूच्या परिसराचा व्यसनावर काय परिणाम होतो, ते आम्हाला शोधायचं होतं.

सुतारकाम करणाऱ्या शंकरकाकांचे ठिपके संध्याकाळी सरळ घरी जात नसत. नाल्यामागून मोठा वळसा घेत.

"काका, रोज एवढ्या लांबून का जाता?" मी एकदा विचारलं.

"सरळ रस्त्यावर दारूची तीन दुकानं आहेत, ताई. सोडून वर्ष झालं, पण पायांचा भरवसा नाही."

माणसाचा निर्धार असा नकाशावर उमटलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

पुढे नाल्यामागेही दारूचं दुकान निघालं. नकाशात त्याची नोंद मीच केली. पाहणीचे प्रमुख असलेल्या सरांना म्हटलं, "काकांना निदान सावध करू या."

"मुळीच नको. आपण मध्ये पडलो तर अभ्यास बिघडेल. आपण फक्त बघायचं."

मी बघत राहिले. आठवडाभर ठिपके त्या दुकानावरून घाईघाईने पुढे गेले. मग एका संध्याकाळी ते तिथेच थांबले. सर खूश झाले. अहवालाला नेमकं असंच उदाहरण हवं होतं.

फोन परत आणायला मी काकांच्या घरी गेले, तेव्हा काकूंनी दार अर्धंच उघडून फोन हातात दिला.

"तुम्हाला सगळं दिसत होतं ना?" त्यांनी विचारलं.

मी फोन पिशवीत टाकला आणि फोन परत केल्याच्या नोंदीवर सही घ्यायला कागद पुढे केला.