वीस मिनिटांचा दुभाषा

मोतीलाल गुरुजी लोणखेड्याच्या शाळेतून निवृत्त झाले, त्याला सहा वर्षं झाली होती. प्रमाण मराठी स्वच्छ आणि अहिराणी घरची, म्हणून एका विद्यापीठाच्या जागतिकीकरण आणि प्रादेशिक एकात्मता अभ्यास केंद्राने त्यांना दुभाषा म्हणून बोलावलं. इथली केळी गुजरातच्या बंदरातून आखाती देशांत जातात. त्या व्यापाराने माणसांचं काय झालं, हे केंद्राला लिहायचं होतं. केंद्राच्या डॉ. मयूरी साने पुण्याकडच्या. त्यांना अहिराणीचा एक शब्द कळत नव्हता.

पहिलीच मुलाखत गुरुजींच्या मेव्हण्याच्या, चुनीलालच्या पॅकहाऊसमध्ये, म्हणजे केळी धुऊन खोक्यांत भरायच्या शेडमध्ये झाली. समोर तिथेच कामाला असलेल्या प्रमिलाबाई बसल्या. सातवीपर्यंत त्या गुरुजींच्याच वर्गात होत्या.

"हातनी कातडी निंघी ऱ्हायनी, गुरुजी," त्यांनी तळवे पुढे केले. "दिवसभर औषधना पानीमा केळी धुवतस. हातमोजा मांगात, ते म्हने घरथून लयी या. बरोबर सांगी द्या बरं."

चुनीलाल चार हातांवर वजनकाट्याशी उभा होता. तो नुसता इकडे बघत राहिला.

"बाई म्हणतात, काम पाण्यातलं आहे, पण बारमाही मिळतं," गुरुजी म्हणाले. "त्या समाधानी आहेत."

मयूरीताईंनी रेकॉर्डर चालू ठेवून लिहून घेतलं. आपल्या तोंडून हे कसं निघालं, ते गुरुजींना कळलंच नाही. पुढचे प्रश्नही तसेच गेले. वीस मिनिटांत मुलाखत आटोपली. प्रमिलाबाईंनी निघताना हात जोडले, तेव्हा गुरुजी चष्मा पुसत बसले.

चार महिन्यांनी केंद्राचा अहवाल पोस्टाने आला. गुरुजींचे आभार ठळक अक्षरांत छापले होते. सत्तेचाळिसाव्या पानावर वाक्य होतं : निर्यातीमुळे महिला कामगारांमध्ये समाधान दिसते. सुनेने कौतुकाने अहवाल मागितला. गुरुजींनी तो कपाटात कपड्यांखाली सारला. दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मयूरीताईंना फोन लावला आणि अडखळत सगळं सांगितलं.

मग त्या म्हणाल्या, "रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. पण मी तुमच्यावर विसंबले होते, गुरुजी."

त्याच संध्याकाळी ते प्रमिलाबाईंच्या दारी गेले. उभ्याउभ्याच बोलले.

"मले वाटनं, तुम्ही सांगं व्हई," शेवटी त्या म्हणाल्या. "मी सगळ्या बायास्ले सांगी दिन्हं, आते काहीतरी व्हई."

त्या रागावल्या असत्या तर गुरुजींना बरं वाटलं असतं.

पुढच्या महिन्यात मयूरीताई पुन्हा आल्या. सोबत धुळ्याची एक विद्यार्थिनी होती, अहिराणी बोलणारी. चुनीलालने त्यांना पॅकहाऊसमध्ये यायला नाही म्हटलं, आणि गुरुजींशी बोलणंही टाकलं. मुलाखत प्रमिलाबाईंच्या घरी ठरली. गुरुजी सवयीने उंबऱ्याच्या आत आले.

"तुम्ही बाहेर बठा, गुरुजी," प्रमिलाबाई म्हणाल्या. आवाज मऊच होता.

ते ओट्यावर बसले. दार लोटलेलं होतं. शब्द कळत नव्हते, आवाज मात्र येत होता. तो दीड तास थांबला नाही. शेजारचे येता-जाता विचारत होते, "काय गुरुजी, बाहेर कसे?"

गुरुजी पायांकडे बघत बसले.