दांडावरची बोटं

स्वभावानं मी संशयी. कुणी रस्त्यात थांबून बरं आहे का म्हणून विचारलं, तरी याचं आपल्याकडं काय काम असेल, हे आधी मनात येतं. घरात यावरून माझी पुष्कळ चेष्टा व्हायची. पण कथा लिहायला लागल्यावर हा दुर्गुण मला कामाचा वाटू लागला. लेखकाची नजर अशीच असते, अशी मी स्वतःची समजूत करून घेतली होती.

बहात्तरच्या दुष्काळाआधीचा तो उन्हाळा. आदल्या वर्षीच पावसानं हात आखडला होता. आमची विहीर माझ्यात आणि थोरल्या चुलतभावात सामाईक. त्याला सगळं गाव दादा म्हणायचं, मीही दादाच म्हणायचो. एक दिवस त्याची पाळी, एक दिवस माझी. रात्रभरात झऱ्यांनी जे साठवलेलं असेल ते सकाळी इंजन तास-दोन तासांत उपसून काढायचं. मग दुसऱ्या दिवसापर्यंत विहीर तळ दाखवत पडायची.

पाणी जायचं ते दांडानं. दांड म्हणजे मातीचा पाट. तो आमच्या दोघांच्या मधल्या बांधावरून गेलेला होता. त्याच्या एका अंगाला माझे वाफे, दुसऱ्या अंगाला दादाचे. माझे वरचे वाफे कांद्याचे. अगदी टोकाच्या चार वाफ्यांत घास. तो माझ्या बायकोनं तिच्या म्हशीसाठी केलेला. म्हैस तिच्या माहेराहून आलेली, त्यामुळं त्या चार वाफ्यांवर मी फारसा हक्क सांगत नसे, आणि खरं सांगायचं तर फारसं लक्षही देत नसे.

पाणी देताना एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्याचं उघडायचं. काम सोपं, पण सारखं डोळ्यांपुढं पाहिजे. वाफा भरायला तंबाखू मळून होईल एवढा वेळ लागतो. तेवढ्या वेळात मी चार ओळी लिहायचो. मिरजगावच्या बाजारातून आणलेली शंभर पानी वही धोतराच्या कनवटीला खोचलेली असायची, पेन कानावर. बाभळीखाली बसायचं, एक डोळा पाण्यावर, एक वहीवर. असं माझं म्हणणं होतं. बायकोचं म्हणणं वेगळं होतं.

"पानी रस्त्याला लागलंय," ती लांबूनच सांगायची. भरलेला वाफा फुटून पाणी कडेच्या गाडीवाटेवर गेलेलं असायचं; मी उठून फावडं मारायचो. परत येऊन बसलो की वाक्य निसटलेलं असायचं, आणि राग तिच्यावर निघायचा.

पुण्याच्या एका मासिकाकडं तोवर मी तीन कथा पाठवल्या होत्या. तिन्ही परत आल्या. तिसरीबरोबर संपादकांनी दोन ओळी लिहिल्या होत्या, की भाषा चांगली आहे, पण पाहिलेलं लिहा. त्या दोन ओळी मी इतक्या वेळा वाचल्या की कागद घडीवर फाटला. चौथी कथा छापून आलीच पाहिजे, नाहीतर वही बंद करायची आणि पुन्हा उघडायची नाही, असं मी बायकोसमोर बोलून बसलो होतो. तिनं फक्त मान हलवली. तिला ते आवडलं की नाही, हे कळलं नाही.

त्याच सुमाराला माझ्या ध्यानात आलं की पाणी पुरत नाही. इंजन तेवढाच वेळ चालायचं, विहीर तेवढीच असायची, पण माझ्या पाळीला पाणी घासापर्यंत पोचायच्या आतच इंजन हवा ओढायला लागायचं. आधी हे असं होत नव्हतं. मग पाणी जातंय कुठं? विहिरीत वाटेकरी दोनच. मी नेत नव्हतो, म्हणजे नेणारा एकच उरला.

दादाचं वागणंही मला खटकू लागलं. मी लिहीत बसलो की तो उगाच बांधावरनं चक्कर मारायचा. एकदा माझ्या मागं येऊन उभा राहिला.

"काय लिव्हतोस रं सारखं?"

"गोष्ट."

"गोष्ट व्हय? माझ्या पाळीची येळ तर न्हाई ना मांडून ठिवत? तालुक्याला अर्ज-बिर्ज करायचा असंल तर आधी मला सांग."

मी हसून वेळ मारून नेली, पण मनात म्हटलं, चोराच्याच मनात अर्जाची भीती असायची.

आणि मग मला पुरावाच सापडला. माझ्या पाळीच्या सकाळी, पाणी सोडायच्या आधी, मी दांडावरून चालत होतो. टोकाच्या वाफ्यांच्या वर, दांडाच्या तळाशी ओली माती लिंपलेली दिसली. उंदराचं बीळ असावं एवढीच जागा. बीळ बुजवायला आपण फावड्यानं चिखल टाकतो आणि पाय देतो. ही माती हातानं थापलेली होती. चार बोटं स्वच्छ उमटली होती. म्हणजे कुणीतरी चोरून बीळ पाडत होतं आणि फावडं न वाजवता ते बुजवून जात होतं. राग आला होता, आणि कबूल करतो, आनंदही झाला होता. पाहिलेलं लिहा म्हणत होते, हे घ्या.

ती कथा मी आठ दिवसांत लिहिली. तेवढ्या चार पाळ्यांत कांद्याचे दोन वाफे फुटले आणि गाडीवाटेवर चिखल झाला. कथेत दोन भाऊ होते, एक विहीर होती. थोरला भाऊ गोड बोलायचा आणि बीळ पाडून धाकट्याचं पाणी ओढायचा. शेवटी मातीतल्या बोटांवरून तो पकडला जातो. दादाची तोंडात सुपारी ठेवून बोलायची लकब, डाव्या पायानं किंचित लंगडणं, सगळं त्यात घातलं. मिरजगावला जाऊन टपालात टाकली आणि भेळ खाऊन परत आलो.

घास मात्र हिरवागार होता. तो मला दिसत होता. घास चिवट असतो, कोरड्यातही तग धरतो, असं मी धरून चाललो होतो.

दीड महिन्यानं अंक आला. माझं नाव छापलेलं होतं. मी तो बायकोच्या हातात दिला आणि समोर बसून राहिलो. ती चौथीपर्यंत शिकलेली. ओळीखाली बोट धरून ती सावकाश वाचत होती. चुलीवरची भाकरी करपली तरी उठली नाही. बोटं उमटल्याच्या जागेवर आली आणि थांबली.

"हे तुमी दादांवर लिव्हलंय?"

"कुणावर असंना. कथा आहे."

"बीळ दांडाच्या कुठल्या अंगाला निघत हुतं?"

मी ते वरूनच पाहिलं होतं. ते कुठं निघतं, हे खाली वाकून पाहिलं नव्हतं.

"आपल्या अंगाला निघत हुतं," ती म्हणाली. "तिथनं पानी दादांकडं कसं जाईल? त्यांच्या पाळीला मी बीळ पाडायची आन् घास भिजून इंजन थांबलं की बुजवायची. तुमचं पानी रस्त्यानं वाहून जातंय, म्हशीला काय वही घालू? ती बोटं माझी हायेत."

तिनं अंक मिटून ठेवला आणि करपलेली भाकरी काढली. मला इतकी लाज वाटली की तिच्याकडं बघवेना. शेतात जन्म काढलेला माणूस मी, आणि पाणी कुठल्या अंगाला उतरतं हे पाहिलं नव्हतं.

पण गोष्ट तेवढ्यावर संपायची नव्हती. माझं नाव छापून आल्याचं पोस्टमननंच गावभर केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि दादा विहिरीवर होतो, तर तो मला म्हणाला, "वाच की. आपल्या घरातलं पयलं नाव हाय छापल्यालं." त्यानं पटका पसरला आणि त्यावर मला बसवलं.

अंक माझ्या पिशवीत होता. घरी विसरलो म्हणता आलं असतं, पण पिशवीतून त्याचा कोपरा दिसत होता. मी वाचायला लागलो आणि पहिल्याच परिच्छेदात थोरल्याचा धाकटा केला. पुढं कागदावर एक होतं आणि माझ्या तोंडातून दुसरंच बाहेर पडत होतं. चोर झाला धाकटा भाऊ, वही घेऊन बसणारा. त्याचे वाफे फुटायचे आणि तो थोरल्याचं पाणी ओढायचा. मातीत बोटं उमटली ती त्याचीच. बायकोला मात्र मी कथेत येऊ दिलं नाही. वाचून संपलं तेव्हा माझा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

दादानं सुपारी गालात सारली. मग त्यानं हात पुढं केला. "दे हिकडं. मास्तराकडनं अजून एकदा ऐकतो."

नाही कसं म्हणणार? मी अंक दिला.

पुढचे सहा दिवस मी तोंड चुकवत फिरलो. दादा मास्तरांच्या ओट्यावर बसलेला मी लांबून पाहिला. परत येताना तो माझ्या घरावरून गेला, पण थांबला नाही. बायकोनं त्या दिवसांत बीळ पाडलं नाही आणि घास पिवळा पडायला लागला. दोन घरं तुटणार, विहिरीचा वाद कोर्टात जाणार, आणि हे सगळं माझ्या चौथ्या कथेपायी, असं मी धरून चाललो होतो. आता तालुक्याला अर्ज तो करील, हाही संशय आलाच.

सातव्या दिवशी माझ्या पाळीला तो दांडावरून आला. अंक जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. माझ्या हातात दिला.

"तू वाचलं तसं ह्यात न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई," मी म्हणालो.

"तू वाचलं ते बरं हुतं." तो वाकून पाण्याकडं बघत राहिला. "पन त्यात बी एक खोटं हुतं. बोटं तुझी न्हवती. एवढी बारीक बोटं बाईची. मला पयल्याच दिशी दिसली हुती."

"मग बोलला का न्हाईस?"

"म्हशीला घास लागतोच की."

मी मान खाली घातली. कानावरचं पेन काढून मी पिशवीत टाकलं.

"आता उठ," दादा म्हणाला, "तुझा वाफा फुटलाय."