बॉयलरची दृष्ट

शेजारचे कुंडलिकभावोजी बायकोकडे बघत नाहीत तेवढे बॉयलरच्या काचेतून आत बघतात, असं मी त्यांच्या बायकोला, सगुणाला, बावीस वर्षं चिडवत आलेय. डोंबिवली एमआयडीसीतल्या कापड रंगवायच्या कारखान्यात ते बॉयलर चालवतात. मार्चमध्ये रिटायर होणार. परवापरवापर्यंत एकही मेमो नव्हता, आणि तसंच कोऱ्या पाटीने बाहेर पडायचं, एवढीच त्यांची हौस होती.

त्या बॉयलरच्या पोटात टनभर वाळू. खालून वारा सोडला की ती पिठल्यासारखी रटरटते आणि तिच्यात कोळसा जळतो. आत काय चालतं ते कळावं म्हणून भावोजींनी घरी दोन काचांच्या फटीत वाळू भरून खाली माशांच्या टाकीचा पंप लावलाय. हवेचा बुडबुडा वर चढताना फुगतो, चपटा होतो. मग त्याच्या छपरातून वाळूची जीभ खाली लोंबते आणि त्याचे दोन तुकडे करते. “तुटतायत तोवर घाबरायचं नाही,” भावोजी म्हणतात. न तुटता मोठा झाला, तर समजायचं खाली वाळू कुठेतरी गोठलीय आणि सगळा वारा एकाच वाटेने घुसतोय.

यंदा कारखान्यातल्या दसऱ्याच्या पूजेला घरच्यांनाही बोलावलेलं, सगुणाने मलाही नेलं. सगुणाने बॉयलरची दृष्ट काढायला मूठभर मीठ-मोहरी घेतली. मी आपली गंमत केली, “अगं, एवढ्या धुडाला मूठभर? बावीस वर्षांची नजर आहे त्याच्यावर.” सगुणाचं माहेर खाडीकाठचं, आजा मिठागरात राबलेला. ती गुपचूप दहा किलो जाडं मीठ घेऊन आली. भावोजी प्रसाद वाटायला गेले तेव्हा तिने ते ओवाळलं आणि कोळशाचं झाकण उघडून आत ओतलं. तेव्हा मी हसत होते.

तासाभराने भावोजींनी काचेला डोळा लावला तो काढेचनात. मग मला बघायला दिलं. एक कोपरा मेल्यासारखा निपचित, आणि त्याच्या बाजूला घागरीएवढा एकच बुडबुडा फुटून वाळू काचेवर आपटत होती. कारखान्याचे मॅनेजर महेंद्र साहेब म्हणाले, प्रेशर ठीक आहे, तापमान ठीक आहे, संध्याकाळी माल जायचाय, चालू द्या. कारखान्यांचे स्फोट पाहिलेत आम्ही, डोंबिवलीत मोठा आवाज झाला की आधी खिडक्यांच्या काचा बघतो. त्या घटकेला मला तेवढंच सुचत होतं.

“आत काय टाकलंय?” भावोजींनी एकदाच विचारलं.

मी बॉयलरच्या हाराकडे बघत राहिले.

“मीठ,” सगुणा म्हणाली. “धा किलो.”

भावोजींनी कोळसा बंद केला, मग वारा. साहेब तापले, बंद करायचं कारण आत्ता लिहून द्या म्हणाले. वाफ उतरली, रंगाचे हौद थंडावले. वाळू निवेपर्यंत कोणी खाली बसलं नाही. शेवटी लांब आकड्याने भावोजींनी भोपळ्याएवढा गोळा बाहेर ओढला. मिठाने चिकटून वाळूचा दगड झालेला.

साहेबांचा कागद समोर होता. मी हळूच म्हटलं, “भावोजी, खराब कोळशावर ढकला. कोण बघतंय?”

“मग उद्या कोळसा बदलतील,” ते म्हणाले, “आणि पुढच्या दसऱ्याला परत मीठ पडेल.”

त्यांनी लिहिलं : माझ्या घरच्यांनी मीठ टाकलं, झाकणापाशी मी नव्हतो. दुसऱ्या दिवशी मेमो आला, बावीस वर्षांतला पहिला.

पण गोळा काढला त्याच दिवशी बॉयलर पुन्हा चालू करून त्यांनी काचेतून बराच वेळ पाहिलं आणि सगुणाला पुढे बोलावलं. कोपऱ्यासकट सगळीकडे बारीक बारीक उकळी फुटत होती.

“तुटतायत,” ती म्हणाली.

आता कोळशाच्या झाकणावर भावोजींनी पांढऱ्या रंगाने लिहिलंय, ‘दृष्ट बाहेर काढावी, मीठ घरी न्यावे.’ त्याखाली शेजारणींसाठीही एक ओळ आहे. ती मी सांगणार नाही.