मोठ्या भावाची टाच

कंबर दुखायला लागली की माणूस नम्र होतो, असं मला एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. साफ खोटं. माणूस फक्त वाकतो.

मी वाकलो तेव्हा पन्नाशीला दोन वर्षं कमी होती. बालाघाटच्या मैदानातून निघायचं, वैनगंगेच्या पुलाला हात लावायचा आणि परत यायचं, असं माझं रोज सकाळचं धावणं. एके दिवशी परतताना डाव्या बाजूला, पट्ट्याच्या जरा वर, कोणीतरी पाना घालून नट आवळावा तसं झालं. मी थांबलो. नट सैल झाला. मी धावलो. नट आवळला. आठवडाभर आमचा हाच खेळ चालला. शेवटी मोजे घालायलासुद्धा बायकोला हाक मारावी लागली. तिने मोजा हातात घेतला आणि म्हणाली, "अजून धावा."

मैदानावर सल्ल्यांना तोटा नव्हता. निवृत्त मास्तर म्हणाले, उलटं चालत जा. तांदळाच्या गिरणीवाल्या शेठने मोहरीचं तेल सांगितलं. मी दोन्ही एकदम केलं आणि तेलकट पाठीने, उलटा चालत, एका म्हशीवर आदळलो. म्हैस सभ्य होती.

मग फिजिओथेरपीवाल्या मुलीकडे गेलो. तिने मला एका पायावर उभं केलं, पालथं झोपवलं, कुठे कुठे बोटं रुतवली आणि निकाल दिला, "अंकल, आपके कूल्हे सो रहे हैं. सारा काम अकेली कमर कर रही है. थक गई बेचारी."

एकाने मजेत झोपायचं आणि दुसऱ्याने सगळा भार उचलायचा, ही गोष्ट मला नवी नव्हती. मी हसलो, पण ती हसली नाही. दीड महिना धावणं बंद. नंतर धावताना पाऊल छोटं टाकायचं, छाती काढून मागे रेलायचं नाही. आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाठीवर झोपून, गुडघे मोडून, कंबर वर उचलायची. त्या व्यायामाला ती 'पूल' म्हणत होती. वैनगंगेच्या पुलापर्यंत धावणाऱ्या माणसाने आता चटईवर स्वतःचाच पूल बांधायचा!

बायकोचं मात्र वेगळंच. "हे सगळं करा, पन एकदा भासऱ्याइकडे बी जाऊन या," ती म्हणाली.

भासरे म्हणजे तिचा मोठा दीर, माझा सख्खा मोठा भाऊ. तो पायाळू आहे, आईच्या पोटातून पाय पुढे करून आलेला. पायाळू माणसाने तीनदा टाच लावली की कंबरेतली उसण निघून जाते, असं आमच्याकडे अजून पक्कं मानतात. दर रविवारी उजाडताना त्याच्या अंगणात रांग लागते. लांजीकडून, रामपायलीकडून, सीमेपलीकडच्या गोंदियाकडूनसुद्धा लोक मोटारसायकलवर मागे बसून, कण्हत कण्हत येतात. तो कोणाकडून काही घेत नाही, कोणाला परतही पाठवत नाही.

माझा या गोष्टीवर विश्वास नाही. मी विज्ञान शिकलेला माणूस आहे. पण बायकोला खरी काळजी कंबरेची नव्हती, हे मला समजत होतं. सहा वर्षं माझा भाऊ माझ्याशी बोललेला नव्हता. तिला वाटलं, कंबरेच्या निमित्ताने तरी बोलेल. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं.

अबोल्याचं कारण धावणंच. सहा वर्षांपूर्वी नागपूरला दहा किलोमीटरची स्पर्धा होती आणि मी फार दिवसांपासून तयारी करत होतो. आदल्या दिवशी गाडीत बसताना दादाचा फोन आला, "माय कसंतरी करून राह्यली. ये." मी म्हणालो, "हौ, उद्या दुपारपर्यंत पोचतो." मी हिशेब केला होता. सकाळी सातला धावायचं, आठला संपवायचं, साडेआठची गाडी. मायसुद्धा माझ्या वेळापत्रकात बसली होती. तिला तेवढं कोणी कळवलं नाही.

धावताना फोन पिशवीत होता. मी पोचलो तेव्हा माणसं नदीवरून परतून अंगणात टेकली होती. मी तसाच आलो होतो, केशरी बनियन आणि छातीवर पिनांनी टोचलेला नंबर. एवढ्या प्रवासात तो काढायचं सुचलं नाही. दादा ओल्या धोतरात ओसरीवर बसला होता. वर्षभर मायला उचलून बसवणारा, तिचं अंथरूण धुणारा तोच. त्याने माझ्या छातीकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर शांतपणे विचारलं, "कितवा आला?"

आणि मी मूर्खाने सांगितलं. दोनशे बारावा.

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. तेराव्याला मी वाढायला उभा राहिलो तर माझ्या हातातलं भांडं त्याने घेऊन दुसऱ्याच्या हातात दिलं. रागाने नाही. चुकीच्या माणसाकडे गेलेली वस्तू परत घ्यावी तसं.

तर त्या रविवारी मी अंधारातच मोटारसायकल काढली. घरापर्यंत नेली नाही, सडकेवरच लावली. आपल्याच गावात, आपल्याच अंगणात, रांगेत अकरावा उभा राहिलो. पुढे लामत्याच्या बाजूची एक बाई होती. चिखलात वाकून धानाचा परहा लावून लावून तिची कंबर गेली होती. तिने माझे बूट पाहिले.

"तुमची कशानं गेली जी?"

"धावून."

"कोन मागं लागलं होतं?"

"कोणी नाही."

"मंग काहून धावले?" तिने खऱ्या काळजीने विचारलं. रांगेतले सगळे वळून माझं उत्तर ऐकायला थांबले. मंडळाच्या नाटकात मी मोठमोठी भाषणं पाठ म्हटलेली आहेत, पण तिथे मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

अंगणात लिंबाच्या झाडाला धरून वाकायचं. दादा मागे उभा राहतो, तोल जाऊ नये म्हणून एका हाताने फांदीला बांधलेला दोर धरतो, विचारतो, "कोन्या गावचे?" आणि गाव सांगितलं की डाव्या पायाची टाच तीनदा कंबरेला लावतो. हा प्रश्न तो सगळ्यांना विचारतो. माणसाचं लक्ष दुखण्यावरून हटावं म्हणून असेल.

माझी पाळी आली. मी त्याच्याकडे सरळ पाहिलं. त्याचे केस सगळे पांढरे झाले होते, मिशा मात्र काळ्या ठेवल्या होत्या. त्याने मला ओळखलं. ओळखलं नाही असं म्हणायची सोय ठेवायला मलाही आवडलं असतं, पण ओळखलं. मी झाडाला धरून वाकलो. वाटलं, आता एकतर 'बाबू' म्हणेल, लहानपणी म्हणायचा तसं, नाहीतर सहा वर्षांची लाथ एकदम बसेल. दोन्हीला मी तयार होतो. लाथेला जरा जास्तच.

"कोन्या गावचे?"

ज्या झाडावरून पडून माझा दात तुटला होता, ते झाड माझ्या हातात होतं.

"बालाघाटचा," मी म्हणालो.

टाच लागली. इतकी बेताची, इतकी मोजून, की त्या बाईला आणि मला लागलेल्या टाचेत केसाचा फरक नसेल. दोन. तीन. "तीन आयतवार या लागते. पुढचे."

मी तीन आयतवार गेलो. तीनदा त्याने गाव विचारलं, तीनदा मी बालाघाट सांगितलं. दुसऱ्या वेळी वहिनी दारात आली, मला पाहून पदर सावरला आणि आत गेली. चहाची वाट पाहिली. आला नाही. इकडे घरी मी न चुकता चटईवर पूल बांधत होतो आणि त्या मुलीने सांगितल्याप्रमाणे कुल्ल्यांना जागं करत होतो. महिना-दीड महिन्यात नट कोणीतरी काढूनच नेला. मी छोट्या पावलांनी पुन्हा धावायला लागलो. गावात याचं श्रेय कोणाला गेलं, ते सांगायला नको.

दुखणं गेलं आणि माझी पंचाईत झाली. आता जायचं कशाला?

तरी गेलोच. चौथ्यांदा, निव्वळ लबाडीने. आमच्या मंडळाच्या नाटकात मी तीन वर्षं म्हातारा केलेला आहे. एक हात कंबरेवर, एक गुडघ्यावर, तोंड वेडंवाकडं. रांगेतल्या एका पोरीने मला बसायला पाट आणून दिला, इतकं ते छान जमलं होतं. पाळी आल्यावर झाडाला धरलं आणि एक आर्त "आई गं" सुद्धा काढलं.

दादाने टाच टेकवली. एकदाच. मग पाय खाली ठेवला. या वेळी गाव विचारलं नाही.

"तुमची कंबर बरी हाय," तो म्हणाला. "ज्याची दुखते त्याले येऊ द्या."

मागचा म्हातारा काठी टेकत पुढे सरकला. त्याला झाड द्यावं लागलं. मी सरळ झालो, अगदी पंचवीस वर्षांच्या पोरासारखा, आणि रांगेतले दोघं-तिघं कौतुकाने म्हणाले, "पाहा, एका टाचेत!"

सडकेवर पोचलो तोवर बायकोचा फोन आला. "बोलले का भासरे?"

"हौ, बोलले."

"काय बोलले?"

"कंबर बरी आहे म्हणाले."

"आनखी?"

"आणखी काय," मी म्हणालो, "मागे लाइन होती."