दाढीचा आरसा आणि एकच सुई

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. वाघीण माझ्याच धानाच्या बांधीत येऊन बसली होती आणि धुऱ्यावर, शेताच्या कडेला, अख्खं गाव जमलं होतं. वनखात्याच्या जीपमधून बंदूक घेऊन तो उतरला आणि मला म्हणाला, "भाऊ, घरी आरसा आहे का?"

मी दाढीचा आरसा आणून दिला. वाघिणीला बेशुद्ध करायच्या त्या सुया बोटाएवढ्या होत्या, मागे लाल गोंडा लावलेल्या. तो एकेक सुई आरशावरून हलकेच घरंगळत सोडायचा आणि गाल काचेला टेकवून बघायचा. जरा डगमगली की ती वाकडी, म्हणून बाद. पाचांतल्या चार त्याने बाद केल्या.

मीच वैतागून ओरडलो, "अंधार पडून राह्यला ना भाऊ! काऊन इतका वेळ लावता?"

"बंदुकीत एका वेळी एकच जाते," तो मान वर न करता म्हणाला. "अन् नुसती लागून होत नाई. वाघीण नंतर उठली बी पायजे."

उरलेल्या सुईत औषध भरून त्याने जीपच्या खिडकीतून नेम धरला. फट् झालं. वाघीण थोडं चालली आणि आडवी झाली. लोकांनी टाळ्या पिटल्या, तर हा त्यांच्यावरच डाफरला. तिला उचलून पिंजऱ्यात ठेवलं आणि वनखात्याच्या डॉक्टरांनी शुद्धीवर आणायचा उतारा टोचला, तेव्हा हा दाराशी उकिडवा बसून होता.

एकाएकी आतून डरकाळी फुटली. सगळं गाव पळालं, सगळ्यांत पुढे मी. वळून पाहिलं तर तो तिथेच, दोन्ही हात वर करून नाचत होता.

"उठली! बाई उठली!"