भर दुपारचा पाट

मायाक्का एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली. मोहोळजवळच्या गावात बाप सिदूबरोबर ती मेंढरं राखायची आणि दुसरं घर करायचं नाही म्हणायची. पण १९१८च्या उन्हाळ्यात सरकारच्या लढाईला माणसं कमी पडली. भरती होईल त्याला बायको मिळवून देतो, असं मानसिंग पाटलानं गावात सांगितलं. भरतीला तयार झालेल्या गावातल्या येडूनं मायाक्काचं नाव घेतलं.

ती नाही म्हणाली. पाटलानं सिदूची मेंढरं कोंडवाड्यात घातली, पाणी तोडलं. तिसऱ्या दिवशी कोकरं मरायला लागली तसा सिदू कबूल झाला. विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, एरवी रात्री लावतात. हा भर दुपारी लागला, कारण येडूला संध्याकाळची गाडी गाठायची होती. मायाक्काला दोघींनी दंड धरून बसवलं होतं.

येडू दोन वर्षांनी लढाईवरून, बसऱ्याहून परतला. "तुज्यापायी मरणात गेलो," म्हणत मारायचा. एकदा तिचा उजवा हात उंबऱ्यावर धरून त्यानं वरवंट्यानं ठेचला. दोन बोटं गेली. तान्ह्या मुलीला घेऊन ती पळाली, तर वेशीवर गाठून त्यानं पोर हिसकावली. ती एकटीच सोलापूरला आली.

गिरणीत ती डाव्या हातानं वाया गेलेलं सूत वेचायची. तिथं केराबाई भेटली. तिलाही त्याच पाटलानं असंच भरती झालेल्या एका रंगरुटाच्या गळ्यात बांधलं होतं. १९२६ साली जबरदस्तीचे पाट मोडून मागायला दोघींनी जातीचे पंच बसवले. सिदू तोवर वारला होता. पाटील पंचांच्याच घोंगडीवर बसला.

"पाट लागला तवा वरडलीस का?" एका पंचानं मायाक्काला विचारलं.

"वरडले की. समदं गाव ऐकत हुतं."

"कोण सांगंल?"

मायाक्कानं केराबाईकडं पाहिलं. केराबाईचा नवरा तिच्या मागंच उभा होता.

"माजं तर राजीखुशीनं झालं," केराबाई खाली बघत म्हणाली.

पंचांनी मायाक्काला काडीमोड दिला आणि मुलगी बापाची ठरवली. पाटलाला कुणी काही विचारलं नाही.

"माजी पोर?" मायाक्का ओरडली.

"सुटलीस न्हवं? गप ऱ्हा," पंच म्हणाला.

तिनं पाटलाच्या जबरदस्तीबद्दल सरकारी कचेरीत अर्ज दिला. कारकून म्हणाला, "लढाई संपून आठ वर्षं झाली, बाई. आता कसला अर्ज?" पुढच्या वर्षीही अर्ज तसाच परत आला. आणखी चार वर्षांनी, मुलीचं दहाव्या वर्षी वैरागकडं लग्न लावून दिल्याचं तिला बाजारात कळलं.

त्याच वर्षी केराबाई तिच्या दारात आली. नवऱ्यानं जबडा मोडला होता, बोलता येत नव्हतं. मायाक्का बराच वेळ दार अडवून उभी राहिली. मग बाजूला झाली आणि चुलीवर पेज ठेवली.